रणगाड्यातला चौथा माणूस

आमच्या गल्लीच्या टोकाला, जिथून उतार सुरू होतो तिथे, मंडळाने केलेली एक लहानशी बाग आहे आणि बागेत सिमेंटचा रणगाडा आहे. देवळांचे कळस करणाऱ्या एका गवंड्याने तो केला. चाकं मोजली तर एका बाजूला सहा भरतात आणि दुसऱ्या बाजूला पाच. पाच चाकांची बाजू भिंतीकडे असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही. तोफेची नळी म्हणजे हिरवा रंग दिलेला, एकशे दहा मिलिमीटरचा पाण्याचा पाइप. शेजारी लोखंडी पायांवर एक फलक उभा आहे आणि त्यावर तीन काळांतल्या तीन रणगाड्यांचा तुलनात्मक तक्ता आहे. तो तक्ता मी तयार केला. त्यात सात ओळी चौकटीच्या आत आहेत आणि आठवी चौकटीच्या बाहेर, खाली, वेगळ्या रंगात. ती ओळ अशी बाहेर का, असं लोक विचारतात. उत्तर द्यायचं तर काशिनाथ झुगरे यांच्याबद्दल सांगावं लागतं, आणि ते बागेच्या फाटकात उभं राहून सांगण्यासारखं नाही.

ते गेले त्याला आता वर्ष होत आलं.

जव्हारमध्ये सगळे त्यांना हवालदार म्हणत. "हवालदार पायदळात असतो," ते दर वेळी सांगत. "आमी रिसाल्यातले. रिसाल्यात दफेदार." ऐकणारा मान हलवायचा आणि निघताना म्हणायचा, "येतो हवालदार." मी मात्र त्यांना दफेदारच म्हणत असे. त्यात आदरापेक्षा सवयीचा भाग जास्त होता. मी एका सरकारी कार्यालयात आकडेवारीच्या टेबलावर आहे, सव्वीस वर्षं. चुकीचं पदनाम मला लिहवत नाही आणि बोलवतही नाही.

दफेदार मूळचे पोशेऱ्याचे. फौजेच्या रणगाड्यांच्या दलातून, म्हणजे रिसाल्यातून, परत आल्यावर त्यांनी आमच्या गल्लीत पिठाची गिरणी टाकली. मी साखरशेतचा. तिथे भाऊ शेती बघतो आणि माझ्या वाट्याचा तांदूळ, नागली घरी पोचवतो. दर पंधरवड्याला नागलीचा डबा घेऊन गिरणीत जाणं हे माझं काम. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी डबा उचलला, क्षणभर छातीशी धरला आणि म्हणाले, "बारा किलो तीनशे."

"वजन करा," मी म्हणालो.

"केलं ना."

"काट्यावर करा."

त्यांनी मुकाट्याने काट्यावर ठेवला. बारा किलो तीनशे वीस. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वीस गराम," ते म्हणाले, "तुमच्या डब्याचं झाकण पुसलेलं नसल." झाकण खरंच ओलं होतं. तसा हिशेब करणारा माणूस मला त्या गावात दुसरा भेटला नव्हता.

अंगाने ते ठेंगणे, खांद्यात रुंद. उजव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून गिऱ्हाइकाला डावा कान देऊन तिरके उभे राहायचे. नवख्या माणसाला वाटे, हे रागावलेत. आणि उभेच राहायचे. गिरणीत बाकडं होतं, ते दळणाला आलेल्या बायकांसाठी. चहाही ते उभ्याने घेत. मी एकदा त्यांना "बसा" म्हणालो तर म्हणाले, "सवय नाय. टँकात तिघं बसायची, आमी उभे."

दुसरी सवय मुठीची. ते कुठलीही गोष्ट बोटांनी ढकलत नसत. धान्य गिरणीच्या तोंडात सारायचं, दार लोटायचं, कपाटाचा खण बंद करायचा, सगळं बंद मुठीने. मला आधी वाटलं बोटांत काही दोष असेल. विचारल्यावर त्यांनी डबा खाली ठेवला आणि हवेत करून दाखवलं. रणगाड्याच्या तोफेत मागून गोळा सारतात. तो पुरता आत गेला की मागचं पोलादी दार खटकन आपोआप बंद होतं. तिथे बोटं पसरलेली असली तर बोटं गेली. मूठ असली तर दारच मुठीला बाजूला सारतं. "आमच्या भरतीतल्या एकाची दोन गेली, एकाचं एक. मी दहाच्या दहा घेऊन घरी आलो." हे सांगताना ते दोन्ही पंजे उघडून दाखवत आणि लगेच मिटून घेत.

गोळा आत गेला की भरणाऱ्याने ओरडायचं, लोडेड. मग गनरने तोफ डागायची. दफेदार गिरणीतही ओरडत. शेवटची मूठ धान्य आत गेली की त्या घरघराटात त्यांचा आवाज यायचा, "लोडेड!" बाकड्यावरच्या बायका न दचकता आपापल्या गप्पा पुढे चालू ठेवायच्या. आमच्या गल्लीतल्या लहान पोरांचा असा समज होता की गिरणी या शब्दाशिवाय चालूच होत नाही.

गोळ्यांबद्दल बोलायला लागले की त्यांना वेळेचं भान राहत नसे. एका दुपारी वीज गेली. गिरणी बंद, बाकड्यावर पाचसहा जणी खोळंबलेल्या, त्यांत आमच्या साखरशेतची एक म्हातारी. दफेदार दारात उभे राहून सांगू लागले.

"पयल्या टँकांत गोळा म्हंजे नुस्ता लोखंडाचा ठोकळा. नळी जेवढी तेवढा जाड, वरवंट्यासारखा. आमच्या टाइमाला दोन परकार. एक हेश. हेश म्हंजे शेण समजा. भितीवर थापलं का पसरतं, आणि मंग फुटतं. भितीला भोक पडत नाय, पण आतल्या अंगाचा पापुद्रा उडतो. आतले मेले. दुसरा सेबो. सेबो म्हंजे काटा, अंगात जाड झबलं घातलेला. नळीच्या भायेर पडला का झबलं गळतं, आणि काटा पुढं जातो तो थेट आरपार."

"आणि आताचा?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"आताच्या काट्याला शेपटीत पंख. आमचा गोळा भोवऱ्यासारखा फिरत जायाचा, म्हणून नळीला आतून आटे. आताची नळी गुळगुळीत, गोळा फिरत नाय, पंखावर जातो." ते थांबले. "माझा आजा तीराला कोंबड्याचं पीस बांधायचा. यवढ्या शिकलेल्या लोकांनी यवढी वर्सं डोकी फोडली, आन् आले कुठं? माझ्या आजाच्या तीरावर!"

म्हातारी इतका वेळ नुसती ऐकत होती. तिने विचारलं, "मंग तू किती मारलेस रं?"

"मी एक पण नाय मारला, आये. मी भरायचो. मारणारा दुसरा."

"आँ? तिथं पण भरायचास, आन् हितं पण भरतूस?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दफेदारही हसले. "आये, तिथं गोळा वीस किलोचा. तुमी दोन हंडे डोक्यावर घेऊन विहीर चढता. पोशेऱ्याची कुठली पण बाई लोडर झाली असती."

"मंग मला का नाय नेली पलटणीत?" गिरणीच्या मागच्या खोलीतून त्यांच्या बायकोचा, हिराबाईंचा आवाज आला.

"तू उंच. टँकात डोकं आपटलं असतं."

"हां. आन् भायेर कोणाचं आपटतं रोज?"

युद्ध त्यांनी पाहिलं नाही. त्यांची नोकरी दोन लढायांच्या मधल्या काळात बसली. राजस्थानच्या वाळूत सराव, वर्षातून काही दिवस खऱ्या गोळ्यांचा मारा, एवढंच. त्यातही त्यांना बाहेरचं फारसं दिसलं नाही. तोफेच्या डाव्या हाताला त्यांची जागा. पुढे पोलाद, मागे पोलाद, हातात गोळा. गोळा कुठे लागला ते त्यांना संध्याकाळी जेवताना कळायचं. "पर लागो का न लागो, तो आधी माज्या हातातून गेला ना," असं ते म्हणत.

एक गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, आणि तेव्हा गिरणीत आम्ही दोघंच होतो. त्यांच्या रिसाल्याला नवे रणगाडे मिळाले तो दिवस. मालगाडीवरून उतरवले, रंग ताजा होता. सगळे आपापल्या जागा बघायला आत उतरू लागले. दफेदारांनी सवयीने डाव्या बाजूला पाय सोडला, तर तिथे गनरची सीट. उभं राहायची जागाच नव्हती. पायाखाली जमीन असायला हवी तिथे गोळ्यांचं गोल चक्र. गोळा उचलायचा, वर आणायचा, आत सारायचा, हे सगळं यंत्र करणार होतं. रणगाड्यात आता चार माणसांऐवजी तीन.

ते वर आले आणि रिसालदार साहेबांसमोर उभे राहिले. पुढचं संभाषण त्यांनी मला हिंदीतच सांगितलं, जसंच्या तसं.

"साहब, ये कितने सेकंद में भरती है?"

"आठ के करीब."

"मैं पाँच में भरता हूँ."

"मालूम है. कितने गोले तक?"

"दस तक, साहब. फिर..."

"फिर क्या?"

"फिर साँस लगती है."

"इसमें बाईस हैं," रिसालदार म्हणाले, "और इसको साँस नहीं लगती."

"वाईट माणूस नव्हता तो," दफेदार मला म्हणाले. "खरं तेच बोल्ला." उरलेली वर्षं त्यांनी भांडारात घोंगड्या मोजत काढली आणि पेन्शन घेऊन घरी आले.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी देशातच बांधलेल्या नव्या रणगाड्याची बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली. तो कापलेला कागद ते गिरणीच्या मीटरच्या पेटीत ठेवत. पिठाने पांढरा झालेला तो कागद त्यांनी एक दिवस माझ्यापुढे धरला. "भाऊसाहेब, मोबाइलवर बघा बरं. यात माणसं किती?"

मी पाहिलं. दोन ठिकाणी पाहिलं. "चार. एक गोळा भरणारा."

"हातानं?"

"हातानं."

त्यांनी कागद घडी करून परत पेटीत ठेवला. "परत चौघं," ते म्हणाले, आणि माझं दळण घेतलं.

मंडळाने रणगाडा करायचं ठरवलं तेव्हा फलकासाठी तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. आकड्याचं काही असलं की ते माझ्याकडेच येतं. मी दफेदारांना बरोबर घेतलं. चार रविवार आम्ही गिरणीत बसलो, म्हणजे मी बसलो. तीन स्तंभ ठरले: त्यांचा जुना विजयंता, मग यंत्राने गोळा भरणारा टी-बहात्तर आणि शेवटी देशी अर्जुन. वजन, लांबी, तोफेचा व्यास, नळी आट्यांची की गुळगुळीत, गोळ्यांची संख्या, गोळ्यांचे प्रकार, वेग. विजयंतात गोळे चव्वेचाळीस, हा आकडा मला छापील मिळाला होता; त्यातले बरेचसे ड्रायव्हरच्या शेजारी पुढे असायचे आणि वेळ मिळाला की मागे आणून ठेवावे लागायचे, हे दफेदारांनी सांगितलं. तेवढ्यात एकदा गवंड्याने नळीचा पाइप बसवला. दफेदार जाऊन त्यात मूठ घालून आले. "बाहेरून एकशेधा असल," ते म्हणाले, "आतून एकशेपाचच हाय, आमच्या तोफेयवढा. बरोबर हाय." मी मोजपट्टी लावली. बरोबर होतं. आख्ख्या रणगाड्यात तेवढंच एक माप खरं होतं.

भांडण एकाच गोष्टीवरून झालं, आणि त्याला भांडणही म्हणता येणार नाही.

"पयली ओळ माणसांची घ्या," ते म्हणाले. "चार, तीन, चार."

"दफेदार, तक्त्याची एक पद्धत असते. आधी यंत्रसामग्री, मग साहित्य, मनुष्यबळ शेवटी. आमच्या कार्यालयात सगळे तक्ते असेच जातात."

"माणसं शेवटी?"

"शेवटी म्हणजे कमी असं नाही. फक्त क्रम आहे."

"तुमचा क्रम तुमाला ठाऊक," ते म्हणाले. माणसांची ओळ मी आठवी घातली.

मार्चअखेरीचे दिवस होते. आमच्या खात्यात त्या पंधरा दिवसांत माणूस घरी फक्त झोपायला जातो. बबन पेंटरचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर तीन नस्त्या उघड्या होत्या.

"भाऊसाहेब, एक ओळ जास्त होते. पत्रा संपला. अक्षर बारीक करू का?"

"बारीक नको. लांबून वाचता आलं पाहिजे."

"मग कुठली काढू?"

"शेवटची काढ," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

तेवढंच. शेवटची ओळ कुठली आहे हे मी क्षणभरही आठवलं नाही. तक्ता लांबला की शेवटची ओळ जाते, हे माझ्या हाताला सवयीने माहीत होतं.

महाराष्ट्र दिनाला फलकाचं उद्घाटन झालं. दफेदार काळी बॅरे टोपी घालून, पदकं लावून आले होते. हिराबाई नव्या लुगड्यात होत्या. भाषणं चालू असतानाच दफेदार हळूच फलकापाशी गेले आणि बोट लावून वाचू लागले. त्यांचं वाचन सावकाश. एकेक ओळ, एकेक आकडा, ओठ हलवत. वजन. लांबी. व्यास. मी बाजूलाच होतो. वेगाच्या ओळीवर बोट आलं, पुढे सरकलं, चौकटीच्या रेघेवर थांबलं. मग बोट रेघेच्या खाली, पत्र्याच्या कडेवर आणि तिथून लोखंडी पायावर उतरलं. तिथे काही लिहिलेलं असेल असं त्यांना वाटलं की काय, कुणास ठाऊक.

"माणसं?" त्यांनी डावा कान माझ्याकडे केला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. "ओळ बसली नाही," मी म्हणालो. "पत्रा पुरला नाही, दफेदार."

"मंग हे चालवतं कोन?"

माइकवरून कोणीतरी शूर जवानांचं नाव घेत होतं. त्यांनी टोपी सारखी केली. "हां," ते म्हणाले. "जागा नव्हती." आणि जाऊन हिराबाईंच्या शेजारी उभे राहिले.

मी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "आता लगेच कुठे पुसायचं? पुढच्या वर्षी रंग देऊ तेव्हा बघू." मी हो म्हणालो. आणखी पाच मिनिटं बोललो असतो तर कदाचित काम झालं असतं. बोललो नाही. दमलो होतो, हे खरं कारण. मार्च संपला तरी तो अंगातून जात नाही, आणि पन्नाशीनंतर तर पुढच्या मार्चपर्यंत राहतो.

गिरणीत बदल झाला तो मला चारदोन दळणांनंतर कळला. काहीतरी कमी वाटत होतं. मग लक्षात आलं, दफेदार आता ओरडत नव्हते. शेवटची मूठ आत सारायचे आणि गप्प उभे राहायचे. पोरांनी दारातून "लोडेड" म्हणून पाहिलं, तर त्यांनी उजवा कान तिकडे केला. त्याच पावसाळ्यात माझ्या बायकोने घरघंटी घेतली. घरघंटीच्या तोंडात एकदा धान्य ओतलं की ती आपली आपण खेचून घेते. ती नीट समतल बसवायला दफेदारच आले. चालू करून बघितली, हात मागे बांधून संपूर्ण दळण होईपर्यंत उभे राहिले. "चांगली हाय," ते बायकोला म्हणाले. "भाऊसाहेबांना आता गिरणीत खोळंबायला नको." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांना दम लागू लागला. पिठाची धूळ छातीत बसली, असं डॉक्टर म्हणाले. भाद्रपदात गिरणी बंद झाली आणि दोघं पोशेऱ्याला गेली.

दिवाळीच्या आधी हिराबाई बाजाराला आल्या होत्या, त्या माझ्या घरी आल्या. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, एक इचारू? तुमी त्यांना काय बोललात का?"

"नाही मावशी. का?"

"हितं होते तवा बागेवरून जायाचं सोडलं होतं. तेल आणायचं तरी वळसा घालून जायाचे. आता घरी बसून एकच. म्हंतात, हिरा, मी होतो ना तिथं? मी म्हंते, कुठं? म्हंतात, टँकात. आता मी काय सांगू, भाऊसाहेब? मी कुठं बघितलाय तुमचा टँक? पत्रं यायची राजस्थानची, म्हंजे असतील. पर ते म्हंतात, लिवलेलं कुठं हाय?"

लिहिलेलं कुठे आहे, हा प्रश्न मी रोज दहा माणसांना विचारतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला.

पुढच्या रविवारी मी बबनला घेऊन बागेत गेलो. मंडळाला विचारलं नाही. सव्वीस वर्षांत परवानगीशिवाय मी केलेलं हे पहिलं काम. बबनने पट्टी लावून बघितली. "चौकटीत काही केल्या मावत नाही, भाऊसाहेब. सगळा फलक परत करावा लागेल."

"खाली जागा किती आहे?"

"रेघेच्या खाली दीड इंच."

"तिथे काढ."

"बाहेर? वाईट दिसेल."

"दिसू दे."

पांढरा रंग डब्यात सुकला होता, म्हणून पिवळ्याने काढावी लागली. माणसं: चार, तीन, चार. वाळेपर्यंत मी तिथे थांबलो, मग मोबाइलवर फोटो काढला. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी विचारलं, हे कोणी केलं. मी म्हणालो, "मूळ तक्त्याप्रमाणे आहे." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. माझ्या मूळ तक्त्यावर कोणी शंका घेत नाही.

दिवाळी झाल्यावर मी एसटीने मोखाड्याच्या बाजूला उतरलो आणि चालत पोशेऱ्याला गेलो. अंगणात नागलीची कणसं पसरली होती, हिराबाई ती काठीने झोडत होत्या. दफेदार दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मी दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"या भाऊसाहेब," ते म्हणाले. बोलताना मधे श्वास घ्यावा लागत होता.

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी बोट काचेवर ठेवलं, तर फोटो सरकून गेला. मी परत आणला. या वेळी त्यांनी बोट जरा वर धरलं, न टेकवता, आणि पहिल्यापासून वाचलं. वजन. लांबी. सगळं. शेवटी खाली आले.

"चार. तीन. चार." बोट तिथेच राहिलं. "चौकटीच्या भायेर हाय."

"हो. आत जागा नव्हती. चूक माझी, दफेदार. शेवटची काढ असं मीच म्हणालो होतो."

"पर हाय."

"आहे."

"हिरा," त्यांनी हाक मारली. "हे बघ. लिवलंय."

हिराबाईंनी काठी टेकवली, येऊन मोबाइलात डोकावल्या. त्यांना वाचता येत नाही. "कुठं?"

"हे. पिवळं."

"तुमी यातले कोंचे?"

"पयल्या चारातला चौथा."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता मला इचारू नका." आणि परत कणसं झोडू लागल्या. दफेदार हसले. हसताना दम लागला. काठीचा आवाज येत होता.

"त्यातली तिघं बसायची, भाऊसाहेब," ते मग म्हणाले. "मी उभा असायचो."

"माहीत आहे."

"आता बसलो."

"बसलेत कसले," हिराबाई पाठमोऱ्याच बोलल्या, "सकाळपासून नुस्ते हुकूम सोडतात."

एसटीची वेळ झाली. हिराबाईंनी नागलीची पिशवी माझ्या हातात दिली. किती किलो, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दफेदारांनी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मी राहू द्या म्हणालो. ते मागे टेकले. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, उघडे, तळवे वर, जसे मी इतक्या वर्षांत एका क्षणापेक्षा जास्त कधी पाहिले नव्हते. बोटांच्या पेरांत अजून थोडं पीठ होतं, किंवा ते आता तिथून जाणार नव्हतं.

निघता निघता मी सवयीने मोजली. दहा होती.